पाय बघणाऱ्या गावडे सिस्टर

गावडे सिस्टर माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. आधी पायाकडे बघतात. तोंडाची पाळी नंतर येते, आणि कधी कधी येतच नाही.

रस्त्यात समोरून कुणी आलं की त्यांची नजर खाली जाते. नवख्या माणसाला वाटतं, बाई लाजाळू दिसतात. ज्याला त्यांचा अनुभव आहे तो मात्र चालता चालता बोटं आत ओढून घेतो. पण उपयोग नसतो. "टाचेला भेग पडलीय, तेल लावा." "नखं ब्लेडनं कापली ना? पुन्हा कापू नका." "ही चप्पल घासतेय, फेकून द्या." एवढं बोलून त्या पुढे निघून जातात आणि मग मागे वळून विचारतात, "आणि तुम्ही कोण म्हणायचं?"

एका साखरपुड्यात मुलाच्या वडिलांशी त्यांची ओळख करून देत होते. सिस्टर खाली बघून म्हणाल्या, "ओळख कशाला करून देताय? हे मागे ड्रेसिंगला येत होते. उजवा अंगठा." मुलाकडच्या मंडळींनी डायबेटिसची गोष्ट मुलीकडच्यांपासून जपून ठेवली होती. ती तिथं फुटली. मग कळलं की मुलीच्या वडिलांनाही आहे. दोन्ही व्याही त्या दिवशी बिनसाखरेचा चहा प्याले आणि सोयरीक पक्की झाली.

माझं राजुरीत चपलांचं दुकान आहे, म्हणून या बाईंशी माझा संबंध आला. आम्ही मूळचे राजस्थानचे, जैन. पण पणजोबा इथं आले तेव्हापासून घरात मारवाडीपेक्षा मराठीच जास्त चालते. भांडणं तर पूर्ण मराठीतच होतात. जैन असल्यामुळे दुकानात चामड्याचं काही ठेवत नाही. रबर, रेग्झिन आणि कापड. बाकीचे दुकानदार त्यावरून मला हसायचे.

सिस्टरची बदली होऊन त्या आमच्या सरकारी दवाखान्यात आल्या, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्या दुकानात शिरल्या. अंगानं भरलेल्या, केस घट्ट बांधलेले, खांद्याला एक मोठी पिशवी. त्यांनी एकेक चप्पल उचलून तिच्यात हात घातला आणि आतून बोटं फिरवली, आई पोराच्या डोक्यातून फिरवते तशी.

"शेठ, ही शिवण आतून टोचतेय. ज्याच्या पायाला कळत नाही त्याला ही चप्पल जखम करील."

"पायाला कळत नाही म्हणजे?"

"शुगर जास्त राहिली की पाय हळूहळू मुका होतो. खडा टोचला तरी सांगत नाही." मग त्यांनी मला मऊ रबराच्या, मागून पट्टा असलेल्या चपला मागवायला लावल्या. त्या दिसायला इतक्या बेढब होत्या की मी त्या मागच्या फळीवर लपवून ठेवल्या. दुसऱ्या दिवसापासून सिस्टर एकेका पेशंटचा हात धरून दुकानात आणायला लागल्या. सकाळी आलेल्याला परत पाठवायच्या. "संध्याकाळी या. पाय दिवसभरात फुगतो. सकाळी बसलेली चप्पल संध्याकाळी चावते." गिऱ्हाईक परत पाठवणारी व्यक्ती माझ्या दुकानात त्यापूर्वी कधी आली नव्हती.

अशाच एका फेरीत त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्या पायाकडे. "शेठ, रक्त तपासलंय कधी?" नव्हतं तपासलं. तपासलं, शुगर निघाली, आणि मीही त्यांच्या वर्गात जाऊन बसलो.

हा वर्ग मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात दर गुरुवारी भरायचा. सिस्टरची शिकवायची पद्धत अशी, की त्या काही सांगायच्याच नाहीत, फक्त विचारायच्या. "काल रात्रीचं ताट सांगा." मी म्हणालो, दाल, बाटी आणि थोडासा चुरमा.

"थोडासा म्हणजे वाटीत मावणारा की टोपात मावणारा?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, "मधला."

"मधलं भांडं घेऊन या पुढच्या गुरुवारी."

मी पातेली घेऊन गेलो. त्यानंतर आमच्या घरात त्या पातेलीत चुरमा झाला नाही. पर्युषणात मी उपास करणार हे कळल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावलं. मला वाटलं, आता उपासावर बोलणार. त्या म्हणाल्या, "उपास देवासाठी करा, शेठ. पण गोळ्यांचं देवाला विचारू नका. ते डॉक्टरांना विचारू."

इन्शुलिनची सुई कशी टोचायची हे त्या टोमॅटोवर शिकवायच्या. आमच्या भागात टोमॅटोला तोटा नाही. प्रत्येकाच्या हातात एक टोमॅटो आणि एक सिरिंज. एक म्हातारे शेतकरी बराच वेळ टोमॅटो उलटापालटा करून बघत राहिले. सिस्टरना वाटलं, घाबरले. जवळ जाऊन त्या म्हणाल्या, "बाबा, टोचा की, काही होत नाही." ते म्हणाले, "त्ये न्हाई, सिस्टर. हा माल कुनाचा हाय? लई चांगला पोसलाय."

नियम मात्र त्यांचे एकमेकांशी भांडायचे. साखर खाऊ नका, पण खिशात साखरेची पुडी ठेवा. भरपूर चाला, पण अनवाणी चालू नका. एका माणसानं हे सगळं ऐकून विचारलं, "सिस्टर, नक्की काय करायचं ते एकदाच सांगा ना." सिस्टर म्हणाल्या, "साखर खायला नाही. हातपाय थरथरायला लागले, घाम फुटला तर जीव वाचवायला. कळलं? आता काल रात्रीचं ताट सांगा."

गावातल्या सगळ्या पेशंटांत एकच माणूस वर्गाला यायचा नाही. तो म्हणजे शंकर आचारी. खरं तर सगळ्यात जास्त गरज त्यालाच होती. आमच्या भागातलं मोठं लग्न शंकरभाऊंशिवाय होत नसे. त्यांची मासवडी खाऊन वऱ्हाडी मंडळी मुलीकडच्यांचे सगळे दोष विसरतात असं म्हणत. मी कांदा-लसूण खात नाही, त्यामुळे ती चव मला ऐकूनच माहीत. त्यांची बुंदी मात्र मी खाल्लेली आहे. शंकरभाऊ ती बुंदी चाखायचे. मठ्ठा चाखायचे, पाक चाखायचे, आणि चाखता चाखता जेवण व्हायचं. गोळ्या लिहून दिल्या होत्या, त्या लग्नसराई संपल्यावर सुरू करणार होते. लग्नसराई काही संपत नव्हती.

पेठ गावी एका ओळखीच्यांचं लग्न होतं. मी गेलो होतो, सिस्टरही आल्या होत्या. अक्षता पडल्यावर लोक जेवायला वळले आणि सिस्टर सवयीप्रमाणे खाली बघत मांडवाच्या मागच्या बाजूनं निघाल्या. तिथं भट्टी पेटली होती. शंकरभाऊ झारा घेऊन बुंदी पाडत होते. मी सिस्टरच्या मागे होतो. त्या एकदम थांबल्या, बाजूचा पाण्याचा जग उचलला आणि सगळा शंकरभाऊंच्या पायावर ओतला. चर्र असा आवाज झाला.

भट्टीतला एक निखारा उडून त्यांच्या चपलेच्या पट्ट्याशी येऊन बसला होता. कातडी भाजल्याचा वास येत होता. आणि शंकरभाऊंचा झारा एका लयीत हलत होता. पाणी पडल्यावर त्यांनी मान वळवून विचारलं, "काय झालं?"

त्या दिवशी मला पायाचं मुकेपण म्हणजे काय ते कळलं.

सिस्टरनी त्यांना तिथंच खुर्चीवर बसवलं. मांडवातली माणसं जमली. नवरीचा मामा म्हणाला, "अहो बाई, बुंदी अर्धी राहिलीय." सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही पाडा." मामा मांडवाकडे वळला. शेवटी त्या दिवशी पंगतीत कमी बुंदी वाढली गेली आणि कुणाचंच काही बिघडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सिस्टर ड्यूटीच्या आधी शंकरभाऊंच्या दारात हजर. जखम धुवायची, मलम लावायचं, पट्टी बांधायची. शंकरभाऊंना हे काही पटत नव्हतं. दुखत तर नाही, मग जखम कसली, असं त्यांचं म्हणणं. त्यात सिस्टरनी इन्शुलिनचा विषय काढला. तेव्हा तर ते उठूनच गेले. "सुई घेतली की मानूस संपला. आमच्या चुलत्यानं घेतली, सहा महिन्यात गेला."

"सुईनं नाही गेला, भाऊ. सुई उशिरा घेतली म्हणून गेला."

पण ऐकणार कोण? ते चुकवायला लागले. सिस्टरची स्कूटर वाजली की कधी गोठ्यात, कधी शेजारच्या पिठाच्या गिरणीत. एका सकाळी धापा टाकत माझ्या दुकानात शिरले आणि माझ्याशी एक शब्द न बोलता मागच्या गोदामाच्या पडद्याआड उभे राहिले. पाठोपाठ सिस्टर. मी चपला पुसत असल्याचं दाखवलं. सिस्टरनी दुकानभर नजर फिरवली, अर्थातच खालच्या बाजूनं.

"शेठ, तुमच्या पडद्याला पाय फुटलेत," त्या म्हणाल्या. "ओळखीचे आहेत."

पडद्यामागून आवाज आला, "सिस्टर, आज लगीन हाय निमगावात. उद्या करू."

"या बाहेर. चपलांच्या दुकानात अनवाणी उभे राहिलात, शेठना कमीपणा येतो."

ते बाहेर आले. सिस्टरनी पट्टी सोडली. एरवी त्या पट्टी सोडतानाही बोलत असायच्या, काल काय खाल्लं, झोप लागली का. त्या दिवशी त्या बोलल्या नाहीत. पाय मांडीवर घेऊन नुसत्या बघत बसल्या. करंगळी काळी पडली होती.

शंकरभाऊ आधी इकडंतिकडं बघत होते. मग त्यांना ती शांतता सोसेना. "सिस्टर, बोला की कायतरी. शिव्या द्या पायजे तर."

"बोलून झालंय, भाऊ," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "आता पुण्याला मोठ्या दवाखान्यात जायचं. मी येते बरोबर."

त्यांनी रजा टाकली आणि खरंच बरोबर गेल्या. शंकरभाऊंची बायको आणि सिस्टर, दोघी आळीपाळीनं त्यांच्या उशाशी बसल्या. करंगळी काढावी लागली. बाकी पाय राहिला. डॉक्टर म्हणाले की अजून थोडा उशीर झाला असता तर पाय घोट्यापर्यंत कापावा लागला असता.

शंकरभाऊ परत आले ते वेगळेच होऊन आले असं मी म्हणणार नाही. कुरकुर तशीच होती. पण पहिल्या गुरुवारी काठी टेकत वर्गाला आले आणि टोमॅटो न घेता थेट स्वतःच्या पोटाला सुई लावून मोकळे झाले. मग वर्गाकडे बघून म्हणाले, "काय न्हाई. मुंगी चावल्यागत व्हतं." नंतर सिस्टरनी त्यांना विचारलं, "भाऊ, पाक झाला की नाही हे चाखून कळतं का?"

"न्हाई. दोन बोटांत धरून तार बघायची."

"मग चाखता कशाला?"

शंकरभाऊंनी दोन बोटं एकमेकांवर घासून बघितली. "आजवर कुनी इचारलंच न्हाई," ते म्हणाले.

आता ते भट्टीपासून लांब खुर्ची टाकून बसतात, पायात माझ्या दुकानातली ती बेढब चप्पल, आणि तिथूनच हाताखालच्या माणसांना हुकूम सोडतात. बुंदीची चव उतरली असं काही लोक म्हणतात. मला तरी फरक कळला नाही, पण मला आता मोजून चारच दाणे मिळतात.

सिस्टरचा सत्कार करायचा ही कल्पना शंकरभाऊंचीच. सिस्टर नको म्हणाल्या. शंकरभाऊ म्हणाले, "तुमी माझ्या दारात रोज न इचारता येत व्हता. आता आमी इचारत न्हाई." मग त्यांना हो म्हणावं लागलं.

रविवारी सकाळी मारुतीच्या सभामंडपात सगळं गाव जमलं. कुणीतरी पेढ्यांचा बॉक्स आणला होता, तो शंकरभाऊंनी दारातच काढून घेतला आणि बाहेर खेळणाऱ्या पोरांकडे पाठवला. जेवण त्यांनीच केलं होतं. मासवडी, बाजरीची भाकरी, मटकीची उसळ. गोड काहीच नाही. लग्नाच्या आचाऱ्यानं गोडाशिवाय पंगत उठवायची म्हणजे त्याच्या जिवावर येतं, पण त्यांनी ते केलं. सरपंचांनी भाषण केलं. "आपण मोठ्या माणसाच्या पाया पडतो. सिस्टर लहानमोठ्या सगळ्यांचे पाय बघतात. दोन्ही नमस्कारच हायेत."

शाल खांद्यावर पडली, नारळ हातात आला, टाळ्या झाल्या. सिस्टरना दोन शब्द बोलायची विनंती केली. त्या उठल्या आणि समोर बघितलं. देऊळ असल्यामुळे सगळ्यांनी चपला दाराशी काढल्या होत्या. सगळं गाव सतरंजीवर, अनवाणी, पाय पुढे करून बसलेलं.

सिस्टरनी नारळ सरपंचांच्या हातात दिला आणि शाल अंगावर तशीच ठेवून खाली उतरल्या. पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. "हे काय झालंय? केव्हापासून?" त्यांचं भाषण ते तेवढंच. माणसं जेवून हात धुवून परत येऊन पाय दाखवत होती, आणि सिस्टर शेवटच्या ओळीपर्यंत पोचल्या तेव्हा दुपार झाली होती. मग त्यांनी घड्याळ बघितलं आणि घाईघाईनं स्कूटरकडे गेल्या. मागचं चाक पंक्चर होतं.

"शेठ, मला महाळुंगे पडवळला सोडता? एक पेशंट आहे. रविवारी बघावंच लागतं."

आमच्याकडे यायच्या आधी त्या तिकडं नोकरीला होत्या, एवढं मला माहीत होतं. त्यांच्या घरच्यांबद्दल मात्र गावात कुणालाच काही माहीत नव्हतं. लग्न झालं होतं, टिकलं नाही, एवढं त्या एकदा बोलल्या होत्या आणि लगेच कुणाचं तरी ताट विचारलं होतं.

"सीरियस आहे का पेशंट?" मी मोटरसायकल काढत विचारलं.

"हं," त्या म्हणाल्या.

गावाच्या कडेला, शेताला लागून, एक पत्र्याचं नीटनेटकं घर होतं. ओट्यावर एक म्हातारी पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. ताठ बसली होती, डोळे लख्ख. मला पेशंट कुठं दिसेना.

"लई उशीर केलास गं मंगे," म्हातारी म्हणाली.

सिस्टरचं नाव मंगल आहे हे मला तेव्हा कळलं.

"कार्यक्रम होता, आक्का."

"जेवलीस का?"

"कार्यक्रमच लांबला."

"त्ये न्हाई इचारलं मी."

"नाही जेवले," सिस्टर म्हणाल्या. असा बारीक आवाज त्यांच्या गळ्यातून येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

त्यांनी पिशवीतून मशीन काढलं, आक्कांच्या बोटाला टोचलं, आकडा बघितला आणि म्हणाल्या, "छान आहे." आक्का म्हणाल्या, "हाय ना? मग ठिव ती पिशवी. हात धू." आणि आत जाऊन ताट वाढून आणलं. मला विचारलं, मी जेवून आलो होतो, तर पाण्याचा तांब्या पुढे केला. सिस्टर खाली मांडी घालून जेवायला बसल्या. भाकरी संपायच्या आत आक्का दुसरी टाकत होत्या आणि सिस्टर खात होत्या. मधेच त्यांनी डाव्या हातानं खांद्यावरची शाल पुढे केली. "आक्का, बघ. शाल दिली मला."

आक्कांनी शाल दोन्ही हातांनी चाचपून बघितली. "चांगली ऊबदार हाय. माझ्या मंगीला शाल दिली व्हय?" त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "समद्या गावाम्होरं दिली?"

"सगळ्या गावासमोर," मी म्हणालो.

जेवण झाल्यावर सिस्टर तिथंच गोधडीवर जरा टेकते म्हणाल्या आणि बघता बघता झोपल्या. आक्कांनी ती शाल त्यांच्या अंगावर घातली, माशी बसू नये म्हणून पदर हलवत बाजूला बसल्या.

"ही हितल्या दवाखान्यात व्हती तवाच माझी शुगर जाग्यावर आली," त्या माझ्याशी हळूच बोलल्या. "लई दिस झालं. पर मी रविवारच्या आदी फोन करून म्हनते, मंगे, जरा चक्कर आल्यागत व्हतंय. मग येती. न्हाईतर सुट्टीच्या दिवशी त्या खोलीत एकटीच भिताडाकडं बघत बसती. माजी पोरं पुन्याला हायेत, येत्यात-जात्यात. हिचं कुनी न्हाई."

"त्यांना कळत नसेल का, आक्का?"

"न कळायला काय झालं? मशीन तिच्याच हातात असतं की." आक्का थोडं हसल्या. "पर ती बी बोलत न्हाई, मी बी बोलत न्हाई."

मी उठलो. सिस्टरना परत कसं न्यायचं ते विचारलं, तर आक्का म्हणाल्या, संध्याकाळच्या एसटीनं जाईल, झोप होऊ दे. मी मोटरसायकलपाशी आलो, किक मारणार तेवढ्यात त्या ओट्यावरून हातानंच थांबवायला लागल्या. मग पायऱ्या उतरून जवळ आल्या.

"शेठ, गाडी हितं चालू करू नगंस. तिकडं मोठ्या रस्त्याला नेऊन कर."

मी गाडी न्यूट्रलला टाकली आणि ढकलायला लागलो. रस्ता चढाचा होता, ऊन चांगलंच होतं. मधे एक शेतकरी बांधावर उभा होता, माझी अवस्था बघून त्यानं हाक मारली, "पावणं, पेट्रोल संपलं काय?"

मी हो म्हणालो आणि ढकलत राहिलो.